सँडविचची काच आणि बाकीच्यांची

आपल्याकडे जुन्या वाड्यात आरसा असला की तो बेल्जियमचा. हंडी-झुंबर असलं तर तेही बेल्जियमचं. आजोळच्या शोकेसमधला जाड काचेचा फळांचा वाडगा असेल, तर तोही दाखवताना कुणीतरी सांगतंच, "बेल्जियमची काच आहे बरं का, आता असली मिळत नाही." जुनी काच जपानची किंवा बोहेमियाची निघाली असं सांगणारं मराठी घर मला अजून भेटायचं आहे. वास्तविक विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीसेक वर्षांत हिंदुस्थानात काचेचा माल चहूकडून येत होता. जपानमधून यायचा, जर्मनीतून यायचा, ऑस्ट्रियातून आणि पुढे चेकोस्लोव्हाकियातून यायचा. बेल्जियमचाही होताच. पण नाव एकाचंच झालं आणि बाकीचे सगळे त्याच्या पोटात गेले.

देवळांचंही तेच. काळ्या दगडाचं, चुना न वापरता रचलेलं जुनं देऊळ दिसलं की आपण डोळे मिटून 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा करणाधिप. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं, तेही शिलाहारांचं. हेमाडपंताच्या जन्माच्या दीडशे-दोनशे वर्षं आधीच्या देवळालासुद्धा आपण त्याचं नाव देऊन टाकलंय. शिलाहारांच्या त्या पाथरवटांना काय वाटत असेल कुणास ठाऊक!

हे सगळं आज सुचायचं कारण म्हणजे माझा छंद. घरच्यांना तो ठाऊक आहे (आणि त्यांनी त्याच्यापुढे हात टेकले आहेत). आम्ही राहतो ते बॉस्टनच्या जवळ. इथे दर शनिवारी कुठे ना कुठे जुन्या वस्तूंचा बाजार भरतो आणि तिथे मी साच्यात दाबून केलेली जुनी काच बघत हिंडते. विकत क्वचितच घेते. उचलायची, उलटी करायची, उजेडात धरायची, परत ठेवायची. ही 'प्रेस्ड ग्लास' कुठल्या कारखान्यात झाली असेल ते ओळखण्यात खरी मजा. आणि इथे बेल्जियमची जागा घेतली आहे 'सँडविच'ने. सँडविच हे गावाचं नाव आहे हो, खायचं नव्हे :) केप कॉडवरचं १६३७ साली वसलेलं टुमदार गाव. कुठल्याही टेबलावर टिंबाटिंबांची, जाळीदार नक्षीची जुनी बशी दिसली की पाठीमागचा माणूस हलक्या आवाजात सांगतो, "सँडविच आहे."

असते का? बऱ्याचदा नसते. ते कसं कळतं आणि त्यात कुणाचं काय जातं, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी ही काच होते कशी ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. काचेचं भांडं पूर्वी फुंकून करत. लांब नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा आणि फुंकायचं. कारागीर तयार व्हायला वर्षं लागत. १८२० च्या दशकात अमेरिकेत वेगळी रीत रुळली. भट्टीतून सळईवर काचेचा गोळा आणायचा, लोखंडी साच्यावर धरायचा, दुसऱ्याने तो बरोबर हवा तेवढा कात्रीने कापून साच्यात पाडायचा आणि वरून तरफेने दट्ट्या दाबायचा. झाली बशी! सगळं कसब त्या कापण्यात. काच कमी पडली तर कड अर्धवट राहते, जास्त पडली तर बशी जाड होते. घरी मोदकाच्या साच्यात सारण घालताना जो अंदाज लागतो तोच, फक्त इथे सारण हजार अंशाच्या आसपास असतं.

या रीतीच्या खुणा वस्तूवर राहतात. नक्षी साच्यावर असते, दट्ट्या गुळगुळीत असतो. म्हणून दाबलेल्या पेल्याच्या बाहेर नक्षी आणि आतून हात फिरवला तर सपाट लागतं. साच्यात फुंकलेल्या पेल्याचं उलट. बाहेर उंचवटा असेल तिथे आत खळगा लागतो. हाताने कापलेल्या काचेच्या कडा बोटाला टोचतात, दाबलेल्या काचेच्या कडा जरा बोथट असतात. साचा जितक्या भागांचा तितक्या सांध्यांच्या बारीक रेघा. कधीकधी काचेत केसासारखी एक रेघ दिसते आणि तडा गेला असं वाटून विकणारा किंमत उतरवतो. नखाने चाचपून बघावं. नख अडकत नसेल तर ती बहुधा कात्रीची खूण असते, दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी गोळा कापला तिथली.

आणि ती टिंबं? गरम काच थंड लोखंडाला लागली की पृष्ठभाग सुरकुततो, निस्तेज दिसतो. त्यावर उपाय म्हणून साचे करणाऱ्यांनी नक्षीच्या मधली सगळी मोकळी जागा बारीक टिंबांनी भरून टाकली. उजेड त्या टिंबांवर फुटतो आणि सुरकुत्या दिसेनाशा होतात. लेससारखी दिसते म्हणून संग्राहक तिला 'लेसी' म्हणतात. साधारण १८५० पर्यंत तिचा काळ. उणीव झाकायला काढलेली युक्ती आणि लोकांना आज तिचंच कौतुक! मला स्वतःला त्यातल्या छोट्या बशा सगळ्यात आवडतात. तीन-साडेतीन इंचांच्या. त्या काळी इथले लोक चहा कपातून बशीत ओतून भुरके मारत प्यायचे (आपल्या अण्णांना हे सांगायला हवं होतं, त्यांचा जीव सुखावला असता). मग तो ओला कप ठेवायचा कुठे? टेबलक्लॉथवर डाग पडतो. म्हणून कपासाठी ही वेगळी बशी, 'कप प्लेट'. गरुड, जहाजं, हृदयं, निवडणुकीतले उमेदवार, सगळं काही तिच्यावर छापलेलं असतं. बशीतून चहा पिणं असभ्य ठरलं आणि बिचाऱ्या कप प्लेटा कपाटात गेल्या.

आता सँडविच. डेमिंग जार्व्हस नावाच्या बॉस्टनच्या माणसाने १८२५ साली तिथे काचेचा कारखाना काढला. पुढच्या वर्षी त्याची 'बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी' झाली. लोकांना वाटतं समुद्रकाठची वाळू होती म्हणून तिथे कारखाना. तसं नाही. तिथली वाळू चांगल्या काचेच्या कामाची नव्हती, ती बाहेरून आणावी लागे. तिथे होतं ते लाकूड, भट्टीसाठी, आणि माल बॉस्टनला न्यायला पाण्याची वाट. ऐन भरात असताना पाचशेच्या आसपास माणसं तिथे कामाला होती. १८८८ मध्ये संप झाला आणि त्यानंतर कारखाना बंद पडला.

कारखाना मोठाच होता आणि काच सुंदर करत असे, याबद्दल वाद नाही. पण दाबायची युक्ती एकट्या सँडविचची नव्हे. १८२५ मध्येच पिट्सबर्गच्या बेकवेलने काचेच्या मुठी दाबून करण्याचं पेटंट घेतलं होतं. मुठी म्हणजे कपाटाच्या खणांना असतात त्या. बॉस्टनला लागूनच असलेल्या ईस्ट केंब्रिजमध्ये न्यू इंग्लंड ग्लास कंपनी होती. जार्व्हस आधी तिथेच होता. ओहायो नदीच्या खोऱ्यात पिट्सबर्ग आणि व्हीलिंग इथे कारखान्यांची रांग होती. १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचं पेटंट ऑफिस जळालं, त्यात तोपर्यंतच्या पेटंटांचे कागद आणि नमुने गेले. त्यामुळे सुरुवातीला कुणी काय केलं हे सांगणारा मोठा पुरावाच नाहीसा झाला.

मग नाव सँडविचचंच का झालं? मला वाटतं त्याची कारणं काचेत नाहीतच. एक तर जार्व्हसने आठवणी लिहिल्या. १८५४ साली त्याचं काचेच्या धंद्यावरचं पुस्तक निघालं. ज्याने लिहून ठेवलं त्याचं राहिलं, हे आपल्याला बखरींवरून माहीत आहे. दुसरं म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्या काचेचा शौक लागला तो बॉस्टन-न्यूयॉर्कच्या सुखवस्तू लोकांना. ते उन्हाळ्यात केप कॉडला जात. जिथे सुट्टीला जायचं तिथल्या गावाचं नाव तोंडात बसतं. व्हीलिंगला उन्हाळी सुट्टीला कोण जातंय!

हा गुंता सोडवायला ज्यांनी हात घातला त्यात रूथ वेब ली या बाईंचा वाटा फार मोठा. या बाई कुणी प्राध्यापक नव्हेत. त्यांनी १९३१ मध्ये अमेरिकन दाबीव काचेवर जाडजूड पुस्तक काढलं, १९३८ मध्ये नकली मालावर आणि १९३९ मध्ये खास सँडविचवर. १९४८ मध्ये जेम्स रोझ यांच्याबरोबर त्यांनी फक्त कप प्लेटांचा ग्रंथ केला. त्यात प्रत्येक नमुन्याला क्रमांक आहे. आजही इथे कुणी बशी दाखवली की समोरचा "ली-रोझ किती?" असं विचारतो. कडेला दाते किती, टिंबं किती, गरुडाची मान कुठे वळलेली, हे सगळं मोजून मापून लिहिलेलं. एका दात्याचा फरक म्हणजे दुसरा साचा, आणि दुसरा साचा म्हणजे कदाचित दुसरं गाव.

उलगडा कसा होत गेला ते वाचण्यासारखं आहे. थोड्या वस्तूंवर नाव सापडतं. बेकवेलची एक खिडकीची काच आहे, मागे नाव दाबलेलं. व्हीलिंगच्या रिची कारखान्याची एक आहे, तिच्यावर आगबोट आणि नाव. 'फोर्ट पिट' असं नाव असलेली गरुडाची कप प्लेट आहे, ती पिट्सबर्गची. अशी नावाची एकेक वस्तू म्हणजे किल्ली. तिच्यावरची वेल, तिची कड, तिचा तारा घ्यायचा आणि बिननावाच्या वस्तूंत तो कुठे कुठे दिसतो ते शोधायचं. ओहायो खोऱ्याच्या मालात कडेला गोल डोळ्यासारखी पाकळी आणि दोन पाकळ्यांच्या मधे टोक, असा नमुना बराच येतो. त्यातच भर म्हणून, कुठल्या नमुन्याच्या वस्तू कुठल्या भागातल्या जुन्या घरांत जास्त सापडतात त्याची नोंद. हळूहळू 'सँडविच' म्हणून ठेवलेल्या ढिगातून पिट्सबर्ग वेगळं व्हायला लागलं, व्हीलिंग वेगळं व्हायला लागलं.

तुम्ही म्हणाल, सरळ कारखान्याच्या जागी खणून तुकडे का बघत नाहीत? खणले ना. सँडविचला तुकड्यांची पोती निघाली. पण त्यात एक मेख आहे. काच वितळवताना तिच्यात जुनी फुटकी काच घालतात, म्हणजे मिश्रण लवकर वितळतं. ही भंगार काच कारखाने बाहेरूनही विकत घेत. तेव्हा सँडविचच्या मातीत सापडलेला तुकडा सँडविचला केलेला असेलच असं नाही, तो भट्टीत जायला आलेला पाहुणाही असू शकतो. एका नमुन्याचे ढीगभर तुकडे मिळाले, त्यात कड साफ न केलेले, साच्यातच बिघडलेले असले, तर गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या हौशी लोकांनी एखाददुसऱ्या तुकड्यावरून मोठमोठे निकाल दिले, त्याचा निस्तरा अजून चालू आहे.

कानाचाही उपयोग होतो. जुन्या चांगल्या काचेत शिसं असे. टिचकी मारली की घंटेसारखा नाद निघतो आणि हातात वजन लागतं. १८६४ मध्ये विल्यम लेटन यांनी व्हीलिंगच्या हॉब्ज-ब्रॉकुनिअर कारखान्यात सोडा आणि चुन्याच्या काचेचं सुधारलेलं मिश्रण बसवलं. दिसायला तशीच स्वच्छ, पण कितीतरी स्वस्त, आणि लवकर घट्ट होणारी, म्हणून काम झपाट्याने करावं लागे. तिचा नाद मात्र 'टक्'. म्हणून नाद देणारा दाबीव पेला बहुधा त्या आधीचा किंवा त्या सुमाराचा. (सगळ्या आकारांना हे लागू नाही. बंद तोंडाची वस्तू शिसं असूनही मुकी राहते. उत्साहाच्या भरात दुकानात टिचक्या मारत सुटू नये.) गंमत अशी की या स्वस्त काचेने आणि ओहायो खोऱ्यातल्या कोळशाने पूर्वेकडच्या कारखान्यांचं कंबरडं मोडलं. धंदा व्हीलिंग-पिट्सबर्गने नेला आणि नाव राहिलं सँडविचचं!

आता यात कुणाचं काय जातं, ते सांगते.

आमच्या रस्त्यावर एक आजी राहतात. नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कप प्लेट छोट्या स्टँडवर उभी असते. त्यांच्या वडिलांकडचे लोक मूळचे व्हीलिंगचे. घरात अशी गोष्ट चालत आलेली की पणजोबांचे वडील लहान वयात काचेच्या कारखान्यात कामाला लागले आणि ही बशी तिथली. पण फार वर्षांपूर्वी विम्यासाठी कुणा जाणकाराने घरातल्या वस्तूंची यादी केली, त्यात बशीपुढे लिहिलं, 'सँडविच, सुमारे १८३५'. झालं. आजींचे थोरले भाऊ तेव्हापासून ती गोष्ट थट्टेवारी न्यायला लागले. कुठलं व्हीलिंग आणि कुठला कारखाना, कुणीतरी केप कॉडला सहलीला जाऊन आणलेली बशी आहे, वगैरे. आजींनी पुढे आपल्या मुलांना ती गोष्ट सांगितलीच नाही. मला त्यांनी हे चहा पिता पिता सांगितलं, हसत. पण त्या हसण्यात काहीतरी अडकलेलं होतं.

मी बशी मागून घेतली. भिंगाखाली दोन संध्याकाळ बसले. नाद चांगला. कडेला गोल पाकळी आणि टोक, तेच जे वर सांगितलं. दाते मोजले, कुठून सुरुवात केली ते विसरू नये म्हणून एका दात्याला दोरा बांधून. मग लायब्ररीतून ली-रोझ आणलं आणि पानामागून पान. सापडली! बाईंनी ती ओहायो खोऱ्याच्या भागात टाकलेली.

मी आजींना जेवढं सांगता येईल तेवढंच सांगितलं. सँडविचची नसावी. ओहायो खोऱ्यातली असावी, आणि हे मी पुष्कळ खात्रीने म्हणते. पिट्सबर्गची की व्हीलिंगची, ते माझ्याच्याने सांगवत नाही. आणि तुमच्या त्या खापरपणजोबांचा हात तिला लागला का, हे काचेवरून कुणालाच सांगता यायचं नाही, नदीवरून बोटींनी हा माल सगळ्या खोऱ्यात जात होता. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हणजे गोष्ट खरी असू शकते." मी म्हटलं, "हो, खोटी आहे असं म्हणायला आता आधार नाही." त्यांनी त्याच संध्याकाळी ॲरिझोनाला भावाला फोन लावला म्हणे. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. बशीखालच्या कार्डावर मात्र आता त्यांच्या थरथरत्या अक्षरात 'ओहायो खोरं' आहे आणि खाली त्या मुलाचं नाव आहे, प्रश्नचिन्हासकट. ते प्रश्नचिन्ह मला फार आवडलं. यादी करणाऱ्यांनी ते घातलं असतं तर एका घराची पन्नास वर्षं वाचली असती.

हे झालं बिनशिक्क्याच्या काचेचं. शिक्का असला म्हणजे सगळं सोपं, असं वाटेल. पण शिक्का साच्याला असतो, आणि साचे फिरतात! ओहायोतल्या न्यूअर्कमध्ये हायसी नावाचा कारखाना होता, १८९६ ते १९५७. चौकटीच्या आकारात एच हे अक्षर, ही त्यांची खूण. कारखाना बंद पडल्यावर १९५८ मध्ये साचे इम्पिरियल कंपनीने घेतले. तिने त्यांतून काच काढली, आणि काही वर्षं ती चौकट तशीच उमटत राहिली. म्हणजे हायसी संपल्यानंतर झालेल्या काचेवर हायसीचाच शिक्का. तिथे मग रंग कामाला येतो. जो रंग हायसीने कधी केलाच नाही आणि इम्पिरियलने केला, त्यात चौकट असली तरी ती वस्तू इम्पिरियलची. १९८४ मध्ये इम्पिरियलही बंद पडली. तेव्हा हायसीच्या संग्राहकांच्या मंडळाने वर्गणी गोळा करून १९८५ साली बहुतेक साचे परत विकत घेतले, दुसऱ्या कुणी त्यातून माल काढू नये म्हणून. लोखंडाच्या जुन्या ठोकळ्यांसाठी वर्गणी! इथल्या लोकांचं मला कधीकधी फार कौतुक वाटतं.

इंग्लंडच्या मालावर दुसरीच गंमत असते. १८४२ ते १८८३ पर्यंतच्या वस्तूंवर चौकटीच्या आकाराची एक खूण, कोपऱ्यांत अक्षरं-आकडे आणि टोकाला रोमन तीन असतो. तो तीन म्हणजे काचेचा वर्ग. १८८४ पासून चौकट गेली आणि सरळ नोंदणीचा क्रमांक आला. लोक तारीख वाचतात आणि 'अमुक दिवशी झालेला पेला' म्हणून सांगतात. ती तारीख नक्षी नोंदवल्याची. पेला त्यानंतर दहा वर्षांनीही झालेला असू शकतो. मोराचं डोकं दिसलं तर मात्र खुशाल गेट्सहेडच्या सॉवरबीचं नाव घ्यावं.

आणि सँडविचच्या नावाची हाव अजून संपलेली नाही. विसाव्या शतकात अँकर हॉकिंग, इंडियाना ग्लास, डंकन मिलर अशा केप कॉडशी काही संबंध नसलेल्या कंपन्यांनी जुन्या लेसीवरून नक्षी बेतल्या आणि नाव ठेवलं 'सँडविच'. दर चार दुकानांत एकात ही काच 'सँडविच ग्लास' म्हणून मांडलेली असते. विकणारा खोटं बोलत नसतो. नमुन्याचं नाव तेच आहे ना!

हे सगळं वाचताना, मोजताना मला आपल्याकडची काच आठवत राहते. १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, माणशी एक पैसा गोळा करून, टिळकांच्या पाठबळावर. तिथे काच शिकवायला आले ईश्वरदास वार्ष्णेय, जपानमध्ये आणि मग अमेरिकेत एमआयटीत शिकलेले. म्हणजे मी जिथे टिचक्या मारत हिंडते त्याच बॉस्टनला राहून गेलेले! पुढे त्यांनी उत्तरेत बहजोईला कारखाना काढला. तळेगावात शिकलेले कारागीर देशभरच्या भट्ट्यांवर गेले. १९१६ साली कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत ओगले बंधूंनी कारखाना घातला, त्याची ओगलेवाडी झाली. प्रभाकर कंदील तिथला, हे आमच्या पिढीलाही माहीत आहे. पण तो कंदील सोडला तर या कारखान्यांतल्या काचेचं एखादं भांडं, एखादी चिमणी घरात आजही असेल आणि आपण तिला सवयीने बेल्जियमची म्हणत असू. तळेगावच्या भट्टीपुढे घाम गाळलेल्या कुणाचं तरी काम ब्रुसेल्सच्या खात्यावर जमा.

तेव्हा पुण्या-साताऱ्याकडच्या सगळ्या मावश्या, आत्या आणि वहिन्यांना विनंती. दिवाळीची साफसफाई निघेल तेव्हा जुनी काच उलटी करून बघा. तळाशी अक्षरं, आकडे, चित्र काही असेल तर तिरप्या उजेडात फोटो काढा, समोरून फ्लॅश मारला तर काही दिसत नाही. सांध्याच्या रेघा किती ते मोजा. आत हात फिरवून बघा. आणि ती वस्तू कुणी, कुठल्या गावात, साधारण कुठल्या साली घेतली हे घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारून कागदावर लिहा, नक्की नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला. कागद वस्तूच्या आत ठेवा. काचेला चिकटपट्टी नको, तिचा डाग मागाहून जाता जात नाही.